लेसचे कापड पहिल्यांदा शिवताना

साध्या कापडाची शिवण आतल्या बाजूला दडते. लेसच्या कापडात ती दडत नाही. जाळीतून टीप दिसते, दुमडलेली कड दिसते, खडूची खूण दिसते, गळ्याच्या आतली पट्टीसुद्धा दिसते. त्यामुळे या कामात मशीनवर बसण्यापूर्वी जो वेळ जातो, तो मशीनवरच्या वेळेपेक्षा जास्त असतो, आणि नवशिक्याने एवढे आधीच मान्य केले तर पुढचे काम वाटते तितके अवघड राहत नाही. ज्यांना साधा कुर्ता किंवा अस्तराचा ब्लाऊज शिवता येतो, परंतु लेसला कात्री लावण्याचे धाडस अजून झालेले नाही, अशांसाठी खरेदीपासून निगेपर्यंतच्या पायऱ्या येथे क्रमाने दिल्या आहेत.

पहिली पायरी: हातात कोणते कापड आहे, ते ओळखणे

नाशिकच्या मेन रोडवर किंवा शालिमारच्या बाजूला दुकानात जाऊन नुसती ‘लेस’ मागितली, तर बहुतेक वेळा काठाला लावायच्या पट्टीची रिळे समोर येतात. अंगावर घालायचे वस्त्र शिवायचे असेल तर ‘लेसचे कापड’ असे स्पष्ट सांगावे आणि ते नेटवरचे, म्हणजे जाळीच्या कापडावरचे हवे, शिफली हवे की जीपीओ, हेही सांगावे. हे प्रकार दिसायला जवळचे असले तरी कात्रीखाली आणि सुईखाली अगदी वेगळे वागतात, आणि त्याचे कारण ते कसे तयार झाले यात आहे.

युरोपात सोळाव्या शतकात इटली आणि फ्लँडर्स या भागांत हाताची लेस बहरली. तिचे दोन मुख्य प्रकार होते. एकात सुई आणि एकच दोरा घेऊन, कापडाचा आधार न ठेवता, टाक्यांवर टाके रचत नक्षी उभी केली जाई. दुसऱ्यात उशीवर टाचण्या टोचून अनेक बॉबिनींवरचे दोरे एकमेकांभोवती पिळले व गुंफले जात. व्हेनिसची लेस इतकी महाग आणि इतकी हवीहवीशी होती की फ्रान्सचा पैसा बाहेर जाऊ नये म्हणून चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने 1665 मध्ये फ्रान्समध्येच राजाश्रयाखाली लेसचे कारखाने सुरू करवले. त्यांतल्या आलाँसाँ या गावाची सुईची लेस आजही हाताने केली जाते आणि युनेस्कोने 2010 मध्ये तिचा समावेश अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. या लेसमध्ये नक्षीच्या कडेने जो उठावदार दोरा असतो, त्याचीच नक्कल आज बाजारात ‘कॉर्डिंगची लेस’ म्हणून मिळते.

पुढे यंत्र आले. इंग्लंडमध्ये जॉन हीथकोट याने 1809 मध्ये षटकोनी छिद्रांची पिळीव जाळी विणणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. 1816 मध्ये यंत्रविरोधी जमावाने लफबरो येथील त्याच्या कारखान्यातील 55 यंत्रे फोडली, तेव्हा तो आपला व्यवसाय घेऊन टिव्हर्टनला निघून गेला. दरम्यान 1813 मध्ये जॉन लीव्हर्सने जाळीचे सुधारित यंत्र तयार केले होते; पुढे त्यात बदल झाल्यावर त्यावर नक्षीसकट लेस विणता येऊ लागली. स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्लीने 1863 मध्ये शिफली यंत्र बनवले, ज्यात अनेक सुया एकाच वेळी कापडावर भरतकाम करतात. भारतात हातलेसची परंपरा काही ठिकाणी टिकून आहे; आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या क्रोशाच्या लेसला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. नाशिकच्या दुकानात तागे लावून ठेवलेला बहुतेक माल मात्र यंत्राचाच असतो.

या इतिहासाचा शिवणाऱ्याला सरळ उपयोग आहे. पिळलेली किंवा यंत्रावर विणकामाच्या पद्धतीने गुंफलेली नेट कापली तरी तिचे दोरे निघत नाहीत, म्हणून तिच्या कडांना इंटरलॉक करण्याची, म्हणजे दोरे सुटू नयेत म्हणून मशीनने कड बांधून घेण्याची, गरज नसते. उलट इंटरलॉकची जाड रेघ जाळीतून विद्रूप दिसते. शिफली किंवा हकोबा हे मुळात उभ्या-आडव्या धाग्यांचे सुती कापड असून त्यावर भरतकाम आणि छिद्रे केलेली असतात, म्हणून त्याच्या कडा सुटतात आणि त्या बंद कराव्याच लागतात. जीपीओ लेसला जाळीच नसते: विरघळणाऱ्या कापडावर दाट भरतकाम करून मग ते खालचे कापड नाहीसे केले जाते आणि फुले फक्त दोऱ्यांच्या दांड्यांनी एकमेकांना धरून राहतात. अशी दांडी मध्येच कापली गेली तर तिच्या शेवटाला हाताने दोन टाके घालावे लागतात. चौथा प्रकार ताणली जाणारी लेस हा आहे. तिचे अंतर्वस्त्रांत आणि अंगाला घट्ट बसणाऱ्या टॉपमध्ये चांगले काम होते, परंतु पहिल्या प्रयत्नासाठी ती घेऊ नये.

पहिल्या कामासाठी माझी शिफारस सुती शिफलीची आहे. ती सरकत नाही, इस्त्रीला घाबरत नाही आणि तिची शिवण जवळजवळ साध्या सुती कापडासारखी होते. त्यानंतर बारीक भरतकामाच्या मऊ नेटकडे वळावे. टिकल्या आणि मणी भरलेले महागडे कापड लग्नसराईत कितीही खुणावत असले, तरी पहिल्या दोन-तीन कपड्यांत त्याला हात लावू नये, कारण शिवणीच्या रेषेतील प्रत्येक टिकली आधी काढावी लागते, नाहीतर सुई मोडते.

दुसरी पायरी: खरेदी

कापड दुकानाच्या पिवळ्या दिव्याखाली न पाहता दाराशी, उजेडात नेऊन पाहावे. हात खाली घालून किती पारदर्शक आहे ते तपासावे आणि एखाद्या गडद कापडावर पसरून जाळी कोठे फाटली किंवा ओढली गेली आहे का, ते बघावे. कापडाचा धागा कशाचा आहे याविषयी शंका असेल तर घरी आणलेल्या तुकड्यातले दोन-तीन दोरे चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून पाहावेत: सुती दोरा कागद जळाल्यासारखा वास देऊन राख होतो, तर नायलॉन आणि पॉलिएस्टर आक्रसून त्यांची कडक गुठळी बनते. पुढे इस्त्री किती गरम ठेवायची, हे यावरूनच ठरते.

किती कापड घ्यावे, हे ठरवताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी: 44 इंच हा नेहमीचा असला तरी त्याहून मोठ्या पन्ह्याची नेट मिळते. दुसरी, नक्षी किती अंतराने पुन्हा येते. हे अंतर मोठे असेल तर समोरची आणि मागची बाजू जुळवण्यासाठी किमान एक नक्षी जास्त धरावी. तिसरी गोष्ट नवशिक्यांच्या लक्षात सहसा येत नाही. पुष्कळशा लेसच्या कापडाला एका किंवा दोन्ही किनारींना कंगोऱ्यांचा तयार काठ असतो. तो काठ बाहीच्या किंवा कुर्त्याच्या खालच्या कडेला यावा असे वाटत असेल, तर कपडा कापडाच्या लांबीत न बेतता आडवा बेतावा लागतो, आणि मग लागणारे मीटर पूर्णपणे बदलतात. म्हणून कागदी बेत आधी घरी काढून, घडी करून, दुकानात सोबत न्यावा.

अस्तर त्याच फेरीत घ्यावे. लेसचा खरा रंग अस्तर ठरवते. एकाच पांढऱ्या लेसखाली पांढरे रुबिया (ब्लाऊजच्या अस्तराचे पातळ कापड) ठेवले तर कापड भरीव दिसते, त्वचेच्या रंगाचे ठेवले तर जाळी उठून दिसते आणि गडद रंगाचे ठेवले तर नक्षी लांबूनही वाचता येते. माझ्या मते त्वचेच्या रंगाचे अस्तर निवडताना दुकानदाराच्या हातावर न पाहता आपल्याच दंडावर लेससकट ठेवून पाहावे. ब्लाऊजसाठी सुती रुबिया उत्तम, कारण नायलॉनची लेस काखेत आणि मानेशी टोचते व घामाने चिकटते. लांब कुर्ता किंवा गाऊनसाठी क्रेप चालते. येवल्याच्या पैठणीवर लेसचा ब्लाऊज घालण्याची आवड हल्ली दिसते. तसे करायचे असेल तर गुळगुळीत, बारीक नक्षीची लेस निवडावी. कॉर्डिंगची किंवा मण्यांची लेस पदराच्या जरीत अडकते आणि नुकसान पैठणीचे होते.

तिसरी पायरी: पाण्यातून काढणे

सुती लेस आणि सुती अस्तर बेतण्यापूर्वी साध्या पाण्यात अर्धा तास भिजवून, न पिळता सावलीत वाळवावे. हा टप्पा वगळला की पहिल्या धुण्यात अस्तर आटते, वरची लेस आटत नाही आणि सगळ्या कपड्यावर फुगे दिसू लागतात. पॉलिएस्टरची नेट फारशी आटत नाही, तरीही तिचा रंग जातो का ते एका कोपऱ्यावर ओला पांढरा रुमाल दाबून पाहावे. लाल, मरून आणि गडद निळ्या लेसच्या बाबतीत ही परीक्षा चुकवू नये.

चौथी पायरी: बेतणे

येथे घाई केली तर पुढे काहीच सुधारत नाही. नेहमीचे कापड दुमडून, दोन पदर एकावर एक ठेवून बेतले जाते. लेस मात्र एकेरी पसरावी, सुलट बाजू वर ठेवावी आणि प्रत्येक भाग स्वतंत्र कापावा. त्यासाठी अर्ध्या बेताऐवजी समोरचा आणि मागचा पूर्ण बेत कागदावर काढावा. पारदर्शक ट्रेसिंग कागद वापरला तर फुले कोठे येतात ते वरूनच दिसते. जमिनीवर किंवा टेबलावर गडद रंगाची चादर अंथरून त्यावर लेस पसरली की जाळी स्पष्ट होते आणि कापड सरकतही नाही.

मग बेत फिरवत बसावे. समोरचा मध्य नक्षीच्या मध्यावर यावा, दोन्ही बाह्यांची फुले एकाच उंचीवर यावीत, आणि छातीवर दोन मोठी फुले नेमकी चुकीच्या जागी येणार नाहीत याकडे लक्ष द्यावे. याचा उल्लेख करायला संकोच वाटतो, पण तयार कपड्यांतही हा दोष सर्रास दिसतो. टक्स घेतल्यावर नक्षी तुटते, म्हणून ते शक्यतो रिकाम्या जाळीच्या भागात पाडावेत किंवा प्रिन्सेस कट, म्हणजे टक्सऐवजी छातीवरून खाली जाणारी उभी शिवण, वापरावा.

खडू लेसवर टिकत नाही, छिद्रांतून खाली पडतो. खुणा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने सैल टाके घालून कराव्यात. साध्या टाचण्या जाळीतून निसटतात, म्हणून मोठ्या डोक्याच्या टाचण्या किंवा शिवणकामाच्या प्लास्टिकच्या क्लिपा घ्याव्यात. शिवणीसाठी दीड सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या इंचाहून थोडे जास्त कापड सोडावे. जादा नंतर कापता येते. कात्री धारदार हवी आणि मोठी फुले असतील तेथे टोकदार छोटी कात्री हाताशी ठेवावी.

पाचवी पायरी: अस्तर जोडणे

अस्तर दोन प्रकारे लावता येते. ब्लाऊजमध्ये लेस आणि अस्तर यांचे प्रत्येक भाग एकमेकांवर ठेवून कडेने कच्चे टाके घालावेत आणि पुढे दोन्ही पदर मिळून एकच कापड आहे असे समजून शिवावे. यामुळे टक्स दोन्ही पदरांतून एकत्र जातात आणि शिवण अस्तराआड झाकली जाते. नवशिक्याला हीच पद्धत सोयीची. कच्चे टाके घालताना भाग सपाट टेबलावरच ठेवावा. हातात धरून घातले तर लेस ताणली जाते. कुर्ता किंवा गाऊनमध्ये अस्तर वेगळे शिवून फक्त गळ्याला आणि खांद्याला जोडावे, म्हणजे घेर मोकळा पडतो. बाह्या बिनअस्तराच्या ठेवण्याची रीत आहे आणि ती छान दिसते, पण तेथेच शिवण सर्वांत जास्त उघडी पडते.

सहावी पायरी: मशीनवर

मऊ नेटला 9 किंवा 11 नंबरची नवी सुई लावावी. शिफलीला 11, दाट कॉर्डिंगला 14. बोथट सुई जाळी ओढते. दोरा बारीक पॉलिएस्टरचा घ्यावा, टाका इंचाला दहा ते बारा ठेवावा आणि वरचा ताण थोडा सैल करावा. शिवण सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोके हातात धरून ठेवावीत, अन्यथा पहिल्याच टाक्याला नेट खाली ओढली जाऊन गुंता होतो. या बाबतीत घरोघरी असलेली जुनी काळी मशीन नव्या झिगझॅग मशीनपेक्षा सरस ठरते, कारण तिच्या सुईखालच्या पट्टीला सुईपुरते लहान गोल छिद्र असते आणि जाळी त्यात शिरत नाही.

तरीही कापड अडकत असेल तर त्याच्या खाली पातळ कागद ठेवून कागदासकट टीप मारावी आणि नंतर कागद हलक्या हाताने फाडून काढावा. वर्तमानपत्र वापरू नये, शाई लागते. संक्रांतीच्या सुमारास सहज मिळणारा पतंगाचा कागद यासाठी फार चांगला, मात्र तो पांढराच घ्यावा. प्रत्येक नव्या कापडाची परीक्षा आधी एका तुकड्यावर करावी, आणि उलटी टीप घेण्याऐवजी शेवटी दोऱ्यांना हाताने गाठ मारावी.

आता उघड्या दिसणाऱ्या शिवणी. बाहीच्या आणि कुशीच्या सरळ शिवणींसाठी फ्रेंच शिवण वापरावी: प्रथम उलट बाजू आत ठेवून, म्हणजे नेहमीच्या बरोबर विरुद्ध, शिवणरेषेच्या बाहेर पाव इंचावर टीप मारावी, उरलेली कड अष्टमांश इंच ठेवून बाकीची कापावी, कापड उलटवून कड आत बंद करावी आणि खऱ्या रेषेवर दुसरी टीप मारावी. पारदर्शक जाळीतून मग फक्त एक नीट बारीक रेघ दिसते. मुंढ्याच्या वळणावर ही शिवण फुगते. तेथे अगदी जवळजवळ दोन टिपा मारून कड त्यांच्यालगत कापावी किंवा नेटच्याच अरुंद पट्टीत गुंडाळावी.

मोठ्या फुलांच्या आणि जीपीओच्या लेससाठी याहून सुंदर उपाय आहे, जरी त्याला वेळ लागतो. एका भागाच्या कडेची फुले शिवणरेषेवर सरळ न कापता त्यांच्या आकाराने कापायची, ती दुसऱ्या भागावर चढवायची, रेषा जुळवून कच्चा टाका घालायचा आणि फुलांच्या कडेकडेने हाताने बारीक टाके घेत जायचे. खालचा जादा भाग शेवटी कापून टाकला की शिवण कोठे आहे ते सांगता येत नाही. नाशिक रोड किंवा शरणपूर रोड भागात चर्चमधील लग्नासाठी गाऊन शिवून देणाऱ्या कारागिराकडे असा गाऊन पाहायला मिळाला तर तो आतून उलटून जरूर पाहावा. विलायतेत 1840 मध्ये राणी व्हिक्टोरियाने आपल्या लग्नात हॉनिटनची हातलेस वापरली आणि नववधूच्या पांढऱ्या पोशाखाला लेस लावण्याच्या प्रथेला मोठे बळ मिळाले. चांगल्या गाऊनच्या लेसला सरळ रेषेची शिवण सहसा नसते ती फुले चढवून जोडण्याच्या याच पद्धतीमुळे.

गळ्याला आत वळणारी रुंद पट्टी लावू नये, ती दिसते. अस्तर उलटवून गळा पूर्ण करावा किंवा सॅटिनची बारीक तिरपी पायपिंग लावावी. हुक आणि काज यांच्या मागे अस्तराच्या कापडाची दुहेरी पट्टी हवीच. नुसत्या जाळीत लावलेला हुक पहिल्याच वापरात जाळी फाडतो.

इस्त्री नेहमी उलट बाजूने, जाड टॉवेल अंथरून आणि वर मलमलचा तुकडा ठेवून, दाबून उचलत करावी. इस्त्री सरकवली तर तिचे टोक छिद्रात अडकते. नायलॉनला अगदी कमी उष्णता चालते, आणि तीही आधी तुकड्यावर पाहावी.

साडीच्या किंवा ओढणीच्या काठाला पट्टीची लेस लावायची असेल, तर ती पट्टी आधी भिजवून आटवावी आणि लावताना अजिबात ताणू नये, किंबहुना किंचित सैलच सोडावी. ताणून लावलेली लेस धुतल्यावर काठाला चुण्या पाडते.

निगा

लेसचा कपडा हाताने, गार पाण्यात, सौम्य द्रव साबणाने किंवा रिठ्याच्या पाण्याने धुवावा. घासू नये, पाण्यात हलकेच दाबत राहावे. शहरातील अनेक सोसायट्यांत बोअरचे जड पाणी येते; त्यात वडीचा साबण वापरला की पांढरा साका जाळीच्या छिद्रांत बसतो आणि पांढरी लेस करडी दिसू लागते. अशा ठिकाणी शेवटचे खळबळणे तरी नळाच्या पाण्यात करावे. क्लोरीनचे ब्लीच रेशमाला आणि नायलॉनला वापरू नये. मशीनमध्ये टाकणे अपरिहार्य असेल तर हुक लावून, कपडा जाळीच्या पिशवीत घालून, सर्वांत सौम्य चक्रावर टाकावा.

पिळण्याऐवजी टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावे आणि कंगोरे बोटांनी सरळ करून सावलीत आडवे पसरून वाळवावे. दोरीवर टांगलेला ओला लेसचा कुर्ता स्वतःच्या वजनाने लांबतो. हाच नियम कपाटालाही लागू आहे: जड लेस हँगरवर न ठेवता, धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळून, सैल घडी घालून ठेवावी. खळ घालून ठेवू नये, कारण कसर तिच्याकडेच येते. डांबर गोळ्या कापडाला थेट लागू देऊ नयेत आणि जरीच्या लेसजवळ तर ठेवूच नयेत. जरीवर अत्तरही उडवू नये. प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेल्या लेसवर जून ते सप्टेंबर या ओल्या महिन्यांत बुरशीचे ठिपके येतात, म्हणून पावसाने उघडीप दिली की कपडे बाहेर काढून वारा द्यावा आणि परत ठेवताना घडी बदलावी. हिवाळ्यात नाशिकची हवा कोरडी पडते तेव्हा नायलॉनची लेस कृत्रिम अस्तराला आणि अंगाला चिकटते. आत सुती परकर किंवा सुती अस्तर असले तर हा त्रास होत नाही.

दोरा ओढला जाऊन वर फास आला तर तो कापू नये. बारीक क्रोशाच्या सुईने उलट बाजूला ओढून घ्यावा. जाळी फाटली असेल तर त्याच रंगाच्या नेटचा तुकडा मागे लावून, भोकाच्या कडेने एकेरी दोऱ्याने बारीक टाके घालावेत. भोक मोठे असल्यास बेतताना उरलेल्या तुकड्यांतील एखादे फूल कापून त्यावर बसवावे. एवढ्यासाठी तरी शिवून उरलेली लेस, त्याच दोऱ्याच्या थोड्या रिळासह, कपडा वापरात असेपर्यंत जपून ठेवावी.